डिंडोलीचा फाटका स्पीकर

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी माझ्या छातीवरची भेग पाहतो आणि मग घरच्यांना विचारतो, "हे अजून भंगारात दिलं नाही?" म्हणून माझी गोष्ट भेगेपासूनच सांगायला घेतो. मी सुरतच्या डिंडोली भागातला एक म्हातारा स्पीकर आहे. उंची गुडघ्याएवढी, अंगावर काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्रा. अँप्लिफायर माझ्या पोटातच बसवलेला आहे, त्यामुळे दुसरा डबा जोडावा लागत नाही. वायर खोचली की मी बोलू लागतो. छातीत एक मोठा कागदी पडदा आहे. तो थरथरला की आवाज होतो. माणसाचा गळा तसा माझा पडदा, आणि तोच डाव्या बाजूला बोटभर फाटलेला आहे.

फाटक्या वस्तूचं चरित्र कोण ऐकणार, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. या श्रावणानं माझं मत बदललं.

माझा जन्म सुरतेतल्याच उधन्याचा. तिथे मारुती मिस्त्री नावाचा एक कारागीर लूमच्या खात्यांच्या गल्लीत बसून स्पीकर बांधायचा. लूम म्हणजे यंत्रमाग, आणि त्याच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. शेजारी सारखा खडखडाट, आणि त्यात बसून हा माणूस आवाज तपासायचा. पडद्यावर टिचकी मारायचा, कान लावायचा, मान हलवायचा. "आवाज काचेसारखा पाहिजे," तो म्हणे, "पलीकडचं दिसलं पाहिजे." मी त्याच्या हातून बाहेर पडलो तेव्हा खरंच काचेसारखा होतो.

डिंडोलीतल्या खान्देशी मंडळींनी मिळून मला घेतलं आणि सांभाळायला दिलं लोटूभाऊंकडे. लोटूभाऊ अमळनेरकडचे. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले आणि लूमवर लागले. त्या काळात माझा थाट विचारू नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई बसते. नारळाला नथ घालतात, लुगडं नेसवतात, चौरंगावर मांडतात आणि बाया रात्रभर गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत तापीवर बोळवण. त्या मिरवणुकीत टेंपोवर पुढे मी. हळदीला मी, बारशाला मी. "काय गोड गळा आहे हो या पेटीचा!" असं परकी माणसंही म्हणायची. मित्रांनो, कौतुक ऐकायला कान लागत नाहीत. माझ्यासारख्या बिनकानाच्यालाही ते ऐकू येतं.

आणि मग एका बोळवणीला कुणीतरी टेंपोच्या मागच्या फळीवरच दणकन नारळ फोडला. करवंटीचा अर्धा भाग उडाला तो सरळ माझ्या छातीत. गाणं चालूच होतं. पण त्या घटकेपासून माझ्या आवाजात एक खरखर आली, गव्हात खडा यावा तशी. बाया गाता गाता थबकून माझ्याकडे बघू लागल्या. दुसऱ्या वर्षी डीजेचा ट्रक आला. मला घरी आणून माळ्यावर ठेवलं. माझ्या डोक्यावर गव्हाचा डबा, पाठीशी गोधड्या. पोटात पालीनं संसार थाटला. तिची पिल्लं मोठी होऊन गेली, मी तिथेच.

मला खाली उतरवलं पूजानं. पूजा ही लोटूभाऊंची आणि रुक्मिणीबाईंची मुलगी. कॉलेज संपवून रिंग रोडच्या कापड मार्केटात एका तळघरातल्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. मैत्रिणीच्या भावाची पडून राहिलेली गिटार तिनं आणली होती आणि ती कशाला तरी जोडायची होती. तिनं मला फडक्यानं पुसलं, वायर खोचली आणि तारांवरून हात फिरवला.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खर्रर्र, घर्रर्र, जणू कुणी खडीवरून पत्र्याची पेटी ओढत नेतंय. आता ही मला परत माळ्यावर टाकणार, असं मी समजलो. पूजानं गिटार बाजूला ठेवली, वाकून माझी भेग पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं. मग परत वाजवलं. मग हसली. मग पुन्हा वाजवलं.

त्या दिवसापासून त्या घरात शांतता उरली नाही. पूजाचे दोन जोडीदार यायला लागले. एक वैभव, डिंडोलीचाच, लग्नांत ताशा वाजवणारा. तो ड्रम घेऊन आला. दुसरा सौरभ, अडाजणचा, बँकेतल्या साहेबांचा मुलगा, पूजाचा कॉलेजमधला मित्र. त्याच्याकडे जाड तारांची बेस गिटार होती आणि या संगीताची खडान्‌खडा माहिती. समोरच्या घरातल्या धुरपदाबाई ओट्यावरून ओरडायच्या, "रुक्मिणी वं! पिठनी गिरण टाकी का तू घरमा?"

"दळण घेऊन या, मावशी!" वैभव खिडकीतून उत्तर द्यायचा.

रुक्मिणीबाई घरात अहिराणीच बोलतात. तुम्हाला समजावं म्हणून मी त्यांचं बोलणं साध्या मराठीत सांगतो आहे, मधूनमधून त्यांचा एखादा शब्द तसाच राहील. त्या घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात. सुरतेत हे काम गल्लोगल्ली चालतं. मार्केटातून साड्यांचा गठ्ठा येतो, बाया काडीनं गमाचा ठिपका ठेवतात आणि वर टिकली दाबतात. एका सुट्टीच्या दिवशी दाराशी बसून त्यांचं हे काम चाललं होतं. तेव्हा त्यांनी सौरभला विचारलं, "तुम्ही हे वाजवता, त्याला म्हणतात तरी काय?"

"ग्रंज, काकू."

"म्हणजे?"

"म्हणजे... मळ. सांदीत साठलेली घाण असते ना, तशी."

रुक्मिणीबाईंची काडी हवेतच राहिली. "आणि ती शोधायला तू अडाजणहून येतो? आमची गटार काय कमी पडली?"

सौरभ हसला, पण मागे हटला नाही. "अमेरिकेत सिएटल म्हणून एक बंदर आहे, काकू. कोपऱ्यातलं, लाकडाच्या व्यापाराचं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तिथल्या पोरांकडे मोठ्या शहरातले बँडवाले फिरकत नसत. मग ती पोरं आपापल्या तळघरात आपलंच वाजवत बसली. तेव्हा एक पंक नावाचं संगीत होतं, घाईघाईनं ओरडून मोकळं होणारं. आणि एक मेटल होतं, जड, लोखंड ओढल्यासारखं. या पोरांनी दोन्ही कालवलं. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका ठेवला. गाण्यात आपलं एकटेपण, चीड, आपण कुणालाच नको आहोत ही भावना, असं सगळं. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन, अ‍ॅलिस इन चेन्स असे बँड निघाले. चौघांचे आवाज चार तऱ्हेचे, तरी जगानं सगळ्यांना एकच नाव चिकटवलं."

"त्यांना आवडलं का ते नाव?"

"बहुतेकांना नाही."

"कसं आवडेल?" रुक्मिणीबाई टिकली दाबत म्हणाल्या. "आपण जळगावचे असू, धुळ्याचे असू, नाहीतर नांदेडचे. इथे सगळे नुसते मराठी."

"आणि त्या काळी दुसरे बँडवाले चकचकीत कपडे घालायचे, केस फुगवायचे," सौरभ पुढे सांगू लागला. "हे मात्र जुन्या बाजारातला चौकडीचा शर्ट आणि फाटकी पँट घालून स्टेजवर. घरातून उठून आल्यासारखे."

"म्हणून तू हा शर्ट घातला? बघू." त्यांनी सौरभच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं. कापड ओळखायला सुरतेतल्या बाईला वेळ लागत नाही. "अरे, हा नवा आहे! फक्त विटका दिसावा असा केलेला. मॉलमधून आणला ना? आमच्या दोरीवरून न्यायचा, धुवून धुवून खरा विटलेला आहे."

वैभव हसून हसून ड्रमवरच पडला. सौरभही लाजून म्हणाला, "तिथेही शेवटी असंच झालं, काकू. तेच शर्ट महागड्या दुकानांत लागले. गाणारे मात्र त्या गर्दीत हरवले. त्यातले काही तर तरुणपणीच गेले."

मी वस्तू आहे, मला मरण वेगळ्या तऱ्हेनं येतं. पण त्या वेळी मनात आलं, की ज्यांनी आपलं दुखणं गाऊन सांगितलं, त्यांच्या गाण्याला लोकांनी टाळ्या दिल्या असतील, आणि दुखणं तसंच राहिलं असेल.

"पण मध्येच एवढं हळू आणि मध्येच एवढं अंगावर का येतं?" रुक्मिणीबाईंनी लेकीला विचारलं.

"आई, बाबांच्या खात्यात लाइट गेली की कसं होतं?"

"शांत. कसंतरीच वाटतं."

"आणि आली की?"

"अरे देवा!"

"तेच आहे हे. कडवं लाइट गेल्यावरचं. नंतरचं लाइट आल्यावरचं."

रुक्मिणीबाईंनी मान डोलावली. हे त्यांना सौरभच्या सिएटलपेक्षा लवकर कळलं.

आता लोटूभाऊंबद्दल सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं लूमच्या मध्ये उभं राहून त्यांचे कान गेले होते. अगदी ठार नाही, पण बारीक, गोड, स्वच्छ आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. खात्यात सगळेच हातवारे करून बोलतात म्हणून तिथे अडत नसे, अडायचं ते घरात. त्या घरात सगळ्यांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य म्हणजे, "ऐकू येतंय का?" जेवण वाढताना, फोन देताना, नळाला पाणी आलं तरी. लोटूभाऊ हसून मान हलवायचे, आणि मान हलवली म्हणजे ऐकू आलेलं नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे, आणि हे तिघे जण उशाशी धिंगाणा घालत असतानाही ते निवांत घोरायचे.

पूजानं गाणं बांधलं ते त्यातूनच. ती मार्केटातल्या तळघराचं गाणं गायची, अगदी हळू:

खिडकी नाही दुकानाला, ऊन कुठं ठेवू?
नाव कुणी विचारेना, उत्तर कुठं देऊ?

आणि मग सगळं एकदम फुटायचं, ड्रम, बेस, गिटार, माझी भेग. त्यावर ती एकच ओळ परत परत ओरडायची, "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?"

एकदा लोटूभाऊ झोपेतून उठून चहा पीत माझ्या शेजारी टेकले. सहज हात माझ्यावर ठेवला. पूजा नेमकी त्या ओळीवर होती. त्यांनी चहा खाली ठेवला. दुसराही हात ठेवला. माझ्या फाटक्या पडद्याची खरखर पेटीतून त्यांच्या तळव्यात उतरत होती. स्वच्छ सूर असता तर तो माशासारखा निसटला असता. हा खडबडीत आवाज मात्र त्यांना पकडता येत होता. गाणं संपल्यावर ते लेकीला म्हणाले, "काय म्हणती ते समजत नही, पण हातले लागस." म्हणजे हाताला लागतं.

रुक्मिणीबाई तेव्हा साड्यांचा गठ्ठा पोहोचवायला गेल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं नाही. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

श्रावण लागला. वेसू भागात एक चहा-कॉफीचं दुकान आहे, तिथे शनिवारी संध्याकाळी नवी मंडळी गातात. ते चालवणाऱ्या मानसीनं पूजाच्या गाण्याचं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि निरोप दिला, "या शनिवारी या. पण तो जो फाटका आवाज आहे ना, तो घेऊन या. नाहीतर अशी गाणी माझ्याकडे रोज येतात." पूजाला स्टेजची हौस होतीच. पण तिच्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती. ती सौरभला म्हणाली, "बाबांना घेऊन जाणार आहे. स्पीकरच्या बाजूला बसवणार. बाबांनी माझं गाणं अजून एकदाही पुरतं ऐकलेलं नाहीये. सगळ्यांमध्ये बसून ऐकतील."

तो शनिवार कानबाईच्या आदल्या दिवशीचा होता. यंदा कानबाई रुक्मिणीबाईंच्या घरी बसणार होती. मित्रांनो, कानबाईचं घर म्हणजे भिंतीला चुना, भांड्यांना चिंच, दारांना पाणी. फुटकी बशी बाहेर, तडकलेला आरसा बाहेर. फाटकं-तुटकं देवीसमोर ठेवायचं नाही. झाडता-पुसता शुक्रवारी दुपारी रुक्मिणीबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. पूजा मार्केटात होती.

त्यांनी माझ्या छातीवरची जाळी काढली. भेगेवर फुंकर घातली. "तुझ्यावर गाणी म्हटलीत मी," त्या माझ्याशी बोलू लागल्या. "नवी नवरी होते तेव्हा. किती गोड वाजायचास! पोरगी बिचारी फाटक्यावरच भागवते. बोलत नाही, पण उद्या एवढ्या लोकांत घेऊन जायचं." त्यांनी साडीची उरलेली पातळ जाळी कातरली, काडीनं भेगेच्या कडेकडेनं गम लावला, श्वास रोखून जाळी वर बसवली आणि बोटानं अलगद दाबली. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता, मारुती मिस्त्रीनंसुद्धा नाही. मी ओरडून नको म्हणू शकत नव्हतो. आणि खरं सांगू का, तेव्हा मला नको म्हणावंसंही वाटलं नाही. बरं होणं कुणाला नको असतं?

शनिवारी सकाळी तिघे जमले. पूजानं गिटारची वायर खोचली, तार छेडली.

आवाज काचेसारखा आला.

तिनं माझ्या मागचं बटण फिरवलं. परत छेडली. तसाच स्वच्छ, गोड, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. वैभवनं ड्रमवरच्या काड्या खाली ठेवल्या.

स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाई पदराला हात पुसत आल्या. चेहरा फुललेला. "कसा वाजतोय आता? मी चिकटवला काल. दिसतसुद्धा नाही बघ कुठे फाटला होता ते."

पूजानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. ती म्हणाली, "छान झालाय, आई."

रुक्मिणीबाई पुरणाची डाळ बघायला आत गेल्या. सौरभ कुजबुजला, "ब्लेड आहे का? दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या वादकांनीही मुद्दाम चिरलेत पडदे."

"नाही."

"अगं, मानसीनं त्याच आवाजासाठी बोलावलंय. आणि तुझे बाबा?"

"सौरभ, नाही म्हटलं ना. ती खूश आहे." पूजाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तिनं कधी माझ्या गाण्याला हात लावला नव्हता. पहिल्यांदा लावलाय. तो मी फाडू?"

मग त्यांनी फोनमधलं काहीतरी जोडून खरखर आणायचा प्रयत्न केला. तो आवाज उसना वाटत होता, वैभवच्या शब्दांत सांगायचं तर "भाड्याच्या शेरवानीसारखा". शेवटी पूजा म्हणाली, "असंच वाजवू. चला." आणि त्यांनी तिचं गाणं सुरू केलं.

त्या आवाजानं नव्हे, तर दाराच्या उजेडानं लोटूभाऊ जागे झाले. आज संध्याकाळी आपल्याला जायचंय हे त्यांच्या लक्षात होतं. झोपण्याआधीच दाढी करून त्यांनी ठेवणीतला शर्टही काढून ठेवला होता. ते येऊन माझ्या शेजारी बसले आणि दोन्ही तळहात माझ्यावर ठेवले. रुक्मिणीबाई पुरणाचा चमचा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

पूजा गात होती. हळू कडवं झालं. मग ती जोराची ओळ आली. तिची मान ताणली, शिरा फुगल्या, "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?"

लोटूभाऊंनी हात उचलला, पुन्हा ठेवला. जागा बदलून पाहिली. मग लेकीकडे बघून प्रेमानं म्हणाले, "सुरू कर ना, माय. बंद शे का?" बंद आहे का?

पूजाचे हात तारांवरच थांबले. वैभव खाली बघू लागला.

"काय व्हयनं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं. त्यांनी नवऱ्याचे हात पाहिले, माझी छाती पाहिली, मग लेकीचे डोळे पाहिले. हातातल्या चमच्यावरचं पुरण टपकन खाली पडलं. "त्या फाटक्या आवाजानं यांना कळायचं? हातातून?"

पूजानं मान डोलावली.

"माले काब्र सांगं नही?" मला का सांगितलं नाहीस?

"तू इतकं मनापासून केलंस, आई."

"मनापासून तर मी टिकलीही उलटी लावते कधी कधी." रुक्मिणीबाई आत गेल्या आणि साडीचे दोरे कापायची छोटी कातर घेऊन आल्या. पदर खोचून माझ्यापुढे मांडी घातली. "उलटी लागली की मार्केटवाला काढायला येतो का? लावणारणीलाच काढावी लागते. सरक तिकडे. कुठून उघडू, सांग."

"आई, राहू दे. आम्ही..."

"कुठून, पूजा?"

पूजा आईशेजारी टेकली आणि बोटानं दाखवू लागली, "इथून. नाही, जरा वर. बस, इथपर्यंतच." दोघींची डोकी माझ्या छातीवर एकत्र वाकली होती. कातर जाळीत शिरली. कर्र असा बारीक आवाज झाला. दुखलं का म्हणाल, तर नाही. फक्त गम वाळलेला होता, त्यामुळे जाळी अर्धीच सुटली. एक कडा चिकटून राहिली, आणि त्या कडेला गमात रुतलेली एक सोनेरी टिकली निघाली. आदल्या दिवशी रुक्मिणीबाईंच्या बोटाला लागून आली असावी.

पूजानं तार छेडली. खरखर परत आली होती, पण जुनी नव्हती. टिकली कागदावर नाचत होती आणि तिची एक बारीक झिणझिण त्या खरखरीवर तरंगत होती.

"हे काय आहे?" सौरभ पुढे झुकला. "हे आधी नव्हतं."

लोटूभाऊंनी माझ्यावर हात ठेवला होता. त्यांनी तो काढला नाही, उलट दुसराही ठेवला.

संध्याकाळी त्यांनीच मला खांद्यावर घेऊन रिक्षात ठेवलं. वेसूचं ते दुकान काचेचं, थंडगार. तिथली पोरं-पोरी आमच्याकडे बघत होती. रुक्मिणीबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. पूजानं नवं काही घातलं नव्हतं. वडिलांचा चौकडीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तिनं लोटूभाऊंसाठी स्टेजच्या कडेला, माझ्याजवळ, स्टूल ठेवलं. मानसीनं माझ्यापुढे माइक लावताना वाकून विचारलं, "ही टिकली मुद्दाम लावलीये?"

"आईनं लावलीये," पूजा म्हणाली.

गाणं सुरू झालं. दोन टेबलांवरची माणसं बोलतच राहिली, एक जोडपं उठून गेलं. पूजा डोळे मिटून खिडकी नसलेल्या दुकानाचं हळू कडवं म्हणत होती. मग वैभवनं काड्या उचलल्या आणि सगळं फुटलं. मी सगळ्या ताकदीनं खरखरलो. लपवायचं काही नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती.

"ऐकू येतंय का?" पूजा ओरडली. "ऐकू येतंय का?"

आणि तिथे, गाण्यात जी रिकामी जागा असते, सगळे थांबतात आणि पुढच्या ठोक्याआधी एक श्वास घेतात, त्या जागेत लोटूभाऊ लूमच्या खात्यात बोलतात तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "ऐकू येस! ऐकू येस, माय!"

सगळे हसले. बोलत बसलेले गप्प झाले. पूजाला पुढची ओळ आठवेना. ती स्टेजवर उभी राहून वडिलांकडे बघत होती आणि ते माझ्यावर थापा मारत रुक्मिणीबाईंना सांगत होते, "हाई ते आपलं खातं शे! बरोबर खातं शे!" मग वैभवनं ठोका धरला, पूजानं परत ती ओळ घेतली, आणि या वेळी मागच्या टेबलांवरूनही उत्तर आलं. त्यात गुजराती पोरंही होती. "ऐकू येस" म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी कानबाई बसली. चौरंगावर नथ घातलेला नारळ, समोर रोटाचा नैवेद्य, भिंतीला ताजा चुना. मला माळ्यावर चढवतील असं वाटलं होतं, कारण फाटकं देवीसमोर ठेवायचं नाही. पण रुक्मिणीबाईंनी मला चौरंगाच्या बाजूलाच ठेवलं आणि माइक हातात घेतला. पहिल्याच ओळीला झिणझिण ऐकून धुरपदाबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या पेटीत काहीतरी हलतंय."

पूजा उठली. "आई, टिकली काढू का?"

"राहू दे," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि पुढची ओळ त्यांनी थोडी जास्तच मोठ्यानं घेतली. लोटूभाऊ माझ्याजवळ बसून ताल धरत होते.

मित्रांनो, मला माळ्यावर टाकलं तो राग मी विसरलो आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं फाटलेलं, खरखरणारं काहीतरी असेल. ती वस्तू असेल, नाहीतर माणूसही असेल. त्याला फेकू नका, एवढं तर मी सांगीनच. पण त्याला नीट करायला बसाल तेव्हाही आधी थोडा वेळ शेजारी बसा, त्याच्यावर हात ठेवा, आणि त्या भेगेतून कुणाला काय ऐकू येतं ते विचारा. मग कातर घ्या किंवा गम घ्या, तुमची मर्जी. माझ्या छातीवर दोन्हींच्या खुणा आहेत. उद्या सकाळी कानबाईची बोळवण आहे. टेंपोत मला पुढेच बसवणार आहेत, फक्त नारळ फोडायचा दगड पूजानं आजच लांब नेऊन ठेवला आहे.